नळीतली वस्ती

विधाते मॅडमनी मला कधी ‘कसे आहात’ असं विचारल्याचं आठवत नाही. त्या विचारायच्या, “काय उगवलं?” सकाळी कॉलेजच्या फाटकात भेटल्या तरी तेच, आणि माझी आई गेल्यावर घरी भेटायला आल्या तेव्हा जरा हळू आवाजात, पण तेच. नवा माणूस गोंधळून जाई. मग त्याच्या लक्षात येई की या बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात, यांच्या हातात सदोदित चपट्या गोल बश्या असतात, त्या बश्यांत जेलीसारखं घट्ट खाद्य ओतलेलं असतं आणि त्यावर आज ना उद्या काहीतरी उगवेल या एका आशेवर यांचा सगळा उत्साह चाललेला आहे.

उगवलं की त्या पळत यायच्या. शब्दशः पळत. पंचावन्न ओलांडलेली बाई, एका हातात साडीच्या निऱ्या आणि दुसऱ्या हातात बशी, अशी प्रयोगशाळेतून दोन जिने उतरून माझ्या ग्रंथालयात शिरायची आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभी राहून म्हणायची, “बघा, बघा, बघा!” वाचणारी मुलं हसायची. मी चष्मा वर करून बघायचो. मला ठिपके दिसायचे. मॅडमना काय काय दिसायचं ते त्या पुढची पंधरा मिनिटं सांगायच्या. त्यांच्या विभागातल्या लोकांना याची सवय झाली होती, म्हणजे ते ऐकेनासे झाले होते. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे ऐकून घेणारा म्हणून माझी निवड झाली असावी.

आमची ओळखही बशीमुळेच झाली. त्या कॉलेजात नव्या होत्या. एक दिवस येऊन म्हणाल्या, “अहो ग्रंथपाल, पाच पुस्तकं काढून द्या. कुठलीही.” (माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी त्यांच्यासाठी कायम ‘ग्रंथपाल’ राहिलो.) मला वाटलं, वाचतील. त्यांनी ओल्या कापसाचे बोळे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर फिरवले, पुस्तकं परत केली आणि निघून गेल्या. आठवड्याने पाच बश्या टेबलावर मांडल्या. चार बश्यांत पिवळे, पांढरे, केशरी ठिपके दाटीवाटीने उगवले होते. पाचवीत नुसती राखाडी लव.

“हे कुठलं पुस्तक?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मी स्वतः हट्ट धरून मागवलेला एक जाडजूड संदर्भग्रंथ होता तो.

“यावर फक्त बुरशी आहे. माणसाच्या हाताचं काहीच नाही. म्हणजे हे कुणी उघडलेलंच नाही.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा?”

मी पुस्तकाचं कार्ड काढून पाहिलं. कार्ड कोरं होतं. त्या दिवसापासून मी या बाईंना घाबरून असायचो आणि त्यांच्या येण्याची वाटही पाहायचो.

पुढे आमचा एक खेळ सुरू झाला. बशी उबवायला ठेवली की त्या खाली येऊन म्हणायच्या, “अंदाज!” बशीत किती ठिपके उगवतील त्याचा आकडा मी एका चिठ्ठीवर लिहायचा, त्यांनी दुसरीवर. दोन्ही चिठ्ठ्या एका वापरलेल्या पाकिटात घालून माझ्या खणात. बशी मोजली की पाकीट उघडायचं. हरेल त्याने मिसळ खिलवायची. इतक्या वर्षांत मी एकदाच जिंकलो, आणि तेव्हा त्या माझ्यापेक्षा जास्त खूश झाल्या होत्या. ठिपके कसे मोजायचे तेही त्यांनी मला शिकवलं. बशी उपडी धरायची, मागून प्रत्येक ठिपक्यावर पेनाने टिंब द्यायचं. टिंब दिलेला पुन्हा मोजायचा नाही. “प्रत्येकाला एकदाच हजेरी,” त्या म्हणायच्या.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा निराळी होती. दरवर्षी पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागायची : ‘उद्या सकाळी दात न घासता यावे.’ एकदा पालकांची तक्रार प्राचार्यांपर्यंत गेली. मॅडमनी प्राचार्यांनाच तासाला बसवलं.

“सगळ्यांनी वरच्या दातांवरून जीभ फिरवा,” त्या म्हणाल्या. “बुळबुळीत लागतंय? नमस्कार करा. रात्रभरात वसलेलं गाव आहे ते. सर, तुम्हीपण फिरवा.”

“मी घासून आलोय,” प्राचार्य म्हणाले.

“तरी फिरवा. मागच्या दाढेला.”

प्राचार्यांनी फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यावर सगळा वर्ग खदखदून हसला. तक्रार तिथेच संपली.

पण मॅडमना खरं झपाटलं ते नळीने.

स्वाती ही त्यांच्या मोठ्या भावाची मुलगी. भाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग करतात. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं, बहीणही आणि मुलगीही. स्वाती दातांची डॉक्टर झाली आणि तिने गंगापूर रोडला दवाखाना थाटला. एक म्हातारे डॉक्टर निवृत्त होत होते, त्यांची खुर्ची तिने घेतली. जुनी, पण दणकट. माझी दाढ दुखत होती आणि मी ती महिनाभर निमूटपणे दुखू देत होतो. मॅडमना कळलं तेव्हा त्या मला जवळजवळ धरूनच तिथे घेऊन गेल्या.

मी खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, डोळ्यांवर दिवा. दात कोरायचं ते यंत्र, एअरोटर, किणकिणायला लागलं आणि त्याच्या टोकातून पाण्याचा बारीक फवारा दाढेवर पडू लागला. मॅडम शेजारी स्टुलावर बसून माझ्या तोंडात बघत होत्या.

“स्वाती, हे पाणी येतं कुठून गं?”

“आरओचं आहे आत्या. मागे बाटली लावलीय ना, तिच्यातून.”

“बाटलीपासून यांच्या तोंडापर्यंत?”

“नळीतून.”

“ती आतून बघितलीस कधी?”

“आतून कशी बघणार? एवढीशी तर आहे. बोरूएवढी.”

“दवाखाना बंद असतो तेव्हा पाणी कुठे जातं?”

स्वाती थांबली. “कुठे जाणार? नळीतच असतं.”

“आणि रविवारी?”

“आत्या, काकांच्या तोंडात ड्रिल आहे!”

काकांच्या तोंडात ते पाणीही होतं. गिळावं की धरून ठेवावं, मला कळेना.

पुढच्याच आठवड्यात खुर्चीची एक नळी गळायला लागली म्हणून मेकॅनिकने ती बदलली. काढलेली नळी टाकायची नाही, असा मॅडमचा हुकूम होता. त्यांनी ती प्रयोगशाळेत आणली आणि ब्लेडने उभी चिरली. मी खाली नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होतो. जिन्यावर पावलांचा धडधडाट झाला.

“ठिबक!” दारातूनच आरोळी आली. “ग्रंथपाल, ठिबक आहे हे! अगदी आमचं ठिबक!”

चिरलेल्या नळीत आतून पिवळट तपकिरी साय बसली होती. त्यांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. बुळबुळीत. मग त्यांनी मला द्राक्षबागेतलं ठिबक समजावून सांगितलं, कारण मी जन्मभर द्राक्षं नुसती खाल्ली होती. वेलींच्या ओळीने काळी नळी टाकलेली असते, तिच्या बारीक भोकांतून थेंब थेंब पाणी झाडाला मिळतं. या नळीतही आतून अशीच साय धरते आणि भोकं बुजतात. म्हणून शेतकरी नळीत औषध सोडतो, ते मुरू देतो आणि मग प्रत्येक नळीचं शेवटचं टोक उघडून पाणी जोरात वाहू देतो, नितळ येईपर्यंत. तरुणपणी सुट्टीत गावी गेल्या की टोकं उघडायचं काम मॅडमकडे असे.

“पाणी नळीच्या मधून धावतं,” त्या सांगत होत्या, हात हवेत नळीसारखा लांब करून. “कडेला ते जवळजवळ उभंच असतं. तिथे एखादा जंतू टेकतो. टेकला की अंगातून डिंकासारखं काढतो आणि चिकटतो. मग दुसरा येतो, तिसरा येतो. त्या डिंकातच घरं बांधतात, मधून पाणी खेळायला पाट ठेवतात. वस्ती हो, वस्ती! वरून औषध ओतलं तर कडेची घरं पडतात, आतल्यांना पत्ताही लागत नाही. बाहेरून कितीही शुद्ध पाणी आणा, ते या वस्तीतून चालत येणार. आणि अधूनमधून वस्तीचा एक तुकडा सुटतो आणि पाण्याबरोबर निघतो. कुठे?” त्यांनी माझ्या खांद्यावर शाबासकी दिल्यासारखी थाप मारली. “तुमच्या दाढेत!”

माझा चेहरा बघून म्हणाल्या, “घाबरू नका. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही.”

त्यांनी खुर्चीच्या पाण्याचा नमुना बशीत पेरला. पाच दिवसांनी बशी अशी भरली होती की टिंब द्यायला जागा नव्हती. स्वाती हिरमुसली. “आरओचं पाणी वापरते मी,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. सवड मिळेल तेव्हा नळ्या धुऊ, असं ठरलं.

पण महिन्याभरातच नानांना रक्ताचा एक आजार निघाला. हळू चालणारा, पण औषधं घ्यावी लागणार होती, आणि औषधं सुरू झाली की अंगातली प्रतिकारशक्ती तळाला जाणार होती. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, आधी तोंड साफ करून घ्या. एक दात काढायचा, दोन भरायचे, सगळ्या दातांवरचं कीटण काढायचं. एक महिना थांबता येईल, त्यापुढे नाही.

आता ती बशी म्हणजे गंमत राहिली नव्हती.

“दात काढताना मी सलाईन वापरेन,” स्वाती म्हणाली. “पण कीटण काढायला आणि दात कोरायला खुर्चीचंच पाणी लागतं. नानांना दुसरीकडे नेऊ का?”

“दुसरीकडच्या नळ्या मी कुठे बघितल्यात?” मॅडम म्हणाल्या.

नानांनी तर विषयच मिटवला. “माझी पोरगी दाताची डॉक्टर, आन मी दुसऱ्याम्होरं आऽ करू? गाव काय म्हणंल?”

मॅडम कामाला लागल्या. नळ्यांत क्लोरीनचं औषध भरून ठेवलं, मुरू दिलं, दोन दिवस लागोपाठ. पाणी वाहवलं. बाटली रोज संध्याकाळी रिकामी करून उपडी वाळवायची, सकाळी पहिल्या पेशंटआधी सगळ्या नळ्या दोन मिनिटं सोडून द्यायच्या, असे नियम झाले. मग बाटलीत औषधाचे थोडे थेंब रोजच्यासाठी ठेवून नवा नमुना घेतला. आमच्या चिठ्ठ्या पडल्या. पाच दिवसांनी बशी निघाली : शून्य. एक ठिपका नाही.

मॅडमनी त्या दिवशी पेढे वाटले. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. स्वच्छ कोरी बशी त्यांनी घडवलेल्या दागिन्यासारखी सगळ्यांना दाखवली. स्वातीच्या दवाखान्यात स्वतःच्या ठसठशीत अक्षरात कागद चिकटवला : ‘येथील पाणी तपासलेले आहे.’ नानांना सोमवारी सकाळी यायला सांगितलं.

त्या सोमवारी मी वर प्रयोगशाळेत होतो. मुलांना लागणारी एक जुनी प्रात्यक्षिक-पुस्तिका पोचवायला गेलो होतो. मॅडम पिण्याच्या पाण्याची तपासणी शिकवत होत्या. नमुना घ्यायच्या बाटलीत आधी थायोसल्फेटचे थेंब टाकायचे, ही त्यातली पहिली पायरी.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, हे कशाला टाकायचं?”

“कशाला म्हणजे? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते मारून टाकायला. नाहीतर बाटलीतून इथे येईपर्यंत ते जंतूंना मारत राहील, आणि बशीत काही उगवणार नाही, आणि आपल्याला वाटेल पाणी...”

वाक्य तिथेच राहिलं. मॅडमच्या हातातली बाटली तशीच हवेत होती. दरवर्षी, प्रत्येक वर्गाला, इतकी वर्षं त्या हे सांगत आल्या होत्या. आणि स्वातीच्या खुर्चीच्या पाण्यात त्यांनीच क्लोरीन ठेवलं होतं, आणि नमुना रिकाम्या बाटलीत घेतला होता.

“ग्रंथपाल,” त्या म्हणाल्या, “तुमची स्कूटर कुठंय?”

मी आयुष्यात कधी स्कूटर जोरात चालवलेली नाही. त्या दिवशी कॉलेज रोडचे दोन सिग्नल मी कसे पार केले ते मला सांगता येणार नाही. मागे मॅडम अंगात पांढरा कोट घालून, हातात तीच बाटली धरून बसल्या होत्या. “फोन करा ना तिला,” मी ओरडलो. “उचलत नाहीये!” त्या मागून म्हणाल्या. “हातात मोजे असतील!”

आम्ही आत शिरलो तेव्हा नाना खुर्चीत आडवे होते. गळ्याखाली निळा कागद, तोंड उघडं. स्वातीच्या हातात कीटण काढायचं यंत्र होतं आणि पाय खालच्या पायडलवर.

“स्वाती, पाय काढ!”

स्वातीने दचकून पाय काढला. नानांनी तोंड मिटलं. बाहेरच्या बाकावर बसलेले तीन-चार पेशंट उठून दारात आले.

“काय झालं आत्या?”

“माझं चुकलं. तपासणी चुकली. ते शून्य खोटं आहे.”

“हळू बोल ना. पेशंट आहेत.”

पण मॅडमना हळू बोलता येत नव्हतं. त्या दाराकडे वळल्या आणि त्या अनोळखी माणसांना त्यांनी सगळं सांगितलं, थायोसल्फेटसकट. नमुना कसा घेतला आणि कसा घ्यायला हवा होता. मग भिंतीवरचा तो कागद स्वतःच्या हाताने काढला आणि घडी करून कोटाच्या खिशात घातला. एक पेशंट निघून गेला.

स्वातीचे डोळे भरले होते. “तू माझा दवाखाना बंद करायला निघालीयेस का?”

“तुझा नाही. नळीतल्यांचा.”

“आत्या, तुला प्रत्येक गोष्टीचा आनंदच कसा होतो गं?”

यावर मॅडमनी हातातली बाटली टेबलावर ठेवली. नाना मात्र निळा कागद गळ्यात तसाच ठेवून हसत होते. “शैले, लहानपणी बी तू अशीच. राखणीला बसवली तर पाखरं हाकायची सोडून मोजायची.”

योग्य रीतीने घेतलेल्या नमुन्याची बशी तिसऱ्या दिवशीच डागाळली. पाचव्या दिवशी ती पहिलीइतकी नाही, पण भरलेलीच होती. पुन्हा औषध, पुन्हा मुरवणं, पुन्हा बशी. धुतल्या धुतल्या पाणी चांगलं यायचं, दोन दिवसांनी पुन्हा वाईट. वस्ती परत वसत होती आणि कुठून ते कळत नव्हतं. त्या दिवसांत स्वाती बाकीच्या पेशंटना तातडीचं तेवढं करून, निर्जंतुक पाणी सिरिंजने सोडत काम भागवत होती. आत्याशी ती कामापुरतं बोलायची. महिन्यातले बारा दिवस उरले होते. मॅडम माझ्या टेबलासमोर येऊन बसायच्या आणि ‘काय उगवलं’ असं न विचारता परत जायच्या.

मग एके दुपारी नाना रक्त तपासायला शहरात आले आणि तिथून दवाखान्यात. मीही होतो, माझ्या दाढेला टोपी बसायची राहिली होती. मॅडम खुर्चीमागे वाकून नमुना घेत होत्या. नाना थोडा वेळ बघत उभे राहिले. मग बाटलीपासून निघालेल्या नळीवर त्यांनी हात ठेवला आणि बागेत ओळीने चालत जावं तसा तो हात नळीवरून पुढे पुढे नेऊ लागले. एक फाटा एअरोटरला. “ही कुठं जाती?” दुसरा फाटा कीटणाच्या यंत्राला. “आन ही?” तिसरा, पाण्याच्या पिचकारीला. मग त्यांचा हात खुर्चीच्या पाठीमागे गेला आणि थांबला.

“ही कुठं जाती गं?”

“ती वापरत नाही नाना,” स्वाती म्हणाली. “आधीचे डॉक्टर दुसरं एक यंत्र लावायचे. मी लावत नाही. दुमडून ठेवलीय.”

खरंच, हातभर लांबीची एक नळी दुमडून रबरबँडने बांधून मागे अडकवलेली होती.

“पाणी हाय तिच्यात?”

“असेल. पण पुढे जात नाही कुठे. बंद आहे.”

“मंग तिथंच बसलंय की!” नाना म्हणाले. “आपल्या खालच्या बागंत नव्हतं का, शैले? त्या कोपऱ्यातल्या नळीचं टोक दुमडून टाकलं व्हतं. दर साली सगळ्या नळ्या धुवायच्या आन पंधरा दिसांत परत चोंदायच्या. जिचं टोक उघडत नाय, तिच्यातनं घाण जाईल कुठनं? मागंच येनार.”

मॅडम खुर्चीमागे गुडघ्यांवर बसलेल्या होत्या. त्यांनी रबरबँड काढला, नळीला नाक लावलं आणि तोंड वर केलं. मला वाटलं, आता वरमतील. तीन पदव्या, इतकी वर्षं, आणि उत्तर भावाने हाताने चाचपून काढलेलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला होता तो मी आजही विसरू शकत नाही.

“नानाऽ!” त्या ओरडल्या. “अरे, नाना, तू! दरवर्षी टोकं उघडायला तर मी असायचे, आणि ओळखलंस तू!” त्यांनी उठून त्यांना गदागदा हलवलं.

“हळू, आजारी मानूस हाय मी.”

स्वाती हसली. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता म्हणाली, “आत्या, तुला खरंच प्रत्येक गोष्टीचा आनंद होतो.” या वेळी त्यात राग नव्हता.

मेकॅनिकने ती नळी मुळापासून कापली आणि फाटाच बंद केला. मॅडमनी ती चिरली. आत, वापरातल्या नळीतल्या सायीच्या दुप्पट जाड साय होती. बाकीच्या नळ्या पुन्हा धुतल्या. क्लोरीन पुरतं वाहून जाऊ दिलं, मुद्दाम तीन दिवस थांबून नमुना घेतला, आणि बाटलीत थायोसल्फेट टाकलंय ना हे मॅडमनी मला तीनदा बघायला लावलं. बशी निघाली त्या दिवशी त्या पळत आल्या नाहीत. जिन्यावरून एकेक पायरी उतरत आल्या, बशी दोन्ही हातांनी धरून.

“नऊ,” त्या म्हणाल्या.

“शून्य नाही?” मी जरा निराश होऊन विचारलं.

“शून्य असतं तर मी घाबरले असते! नऊ म्हणजे जगणारे जगतायत, माझी बशी खरं बोलतेय, आणि आहेत ते फक्त नऊ!” मग मात्र त्यांना राहवलं नाही. पाटीखाली उभ्या राहून त्यांनी वाचणाऱ्या मुलांना सांगितलं, “नऊ!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नानांचे दात त्याच आठवड्यात झाले आणि औषधं वेळेवर सुरू झाली. त्यांना ती मानवली. पुढची छाटणी यायच्या आधी मॅडम मला पिंपळगावला घेऊन गेल्या, ठिबक धुताना बघायला. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले होते, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. मॅडम अनवाणी, पदर खोचून, या ओळीतून त्या ओळीत पळत टोकं उघडत होत्या. उघडलं की आधी तपकिरी पाण्याची चिळकांडी उडायची, मग गढूळ, मग नितळ. “पुरे की आता,” नाना ओरडले. “थांब नाना, अजून वास येतोय!” साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मला वाटलं, यांचं वय कोण ओळखेल?

त्यानंतर दर महिन्याला स्वातीच्या खुर्चीची बशी लागायची. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही एका बशीच्याच दिवशी. गुरुवार होता. दारातून डोकावून त्या म्हणाल्या, “ग्रंथपाल, अंदाज!” नानांचा एक दात हलत होता. बुधवारी तो बघायचा होता, कारण त्याच्या पुढच्या सोमवारी औषधाचा नवा टप्पा होता आणि तो लांबवता येणार नव्हता. मी आकडा लिहिला. त्यांनी आपली चिठ्ठी आधीच लिहून आणली होती. पाकीट माझ्या खणात टाकून म्हणाल्या, “मंगळवारी मोजू,” आणि निऱ्या हातात धरून जिना चढून गेल्या. दोन-दोन पायऱ्या एकदम.

रविवारी सकाळी चहा करता करता त्या गेल्या. हृदय.

अमरधाम स्मशानात नाना कुणाचा तरी हात धरून उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी तो हात सोडून माझा धरला. मास्कमधून आवाज नीट येत नव्हता. “तिनं बश्या ठेवल्यात नं? मंगळवारी बघा बरं का. तिनं सांगितलंय.”

मंगळवारी मी वर गेलो. उबवणीच्या कपाटात त्यांच्या अक्षरातली बशी होती. ती मी खाली आणली, माझ्या टेबलावर उपडी धरली आणि पेनाने टिंबं देत मोजायला लागलो. खात्रीसाठी दोनदा मोजली. तेरा. मग पाकीट उघडलं. माझ्या चिठ्ठीवर वीस होतं. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘दहा ते पंधरा. शून्य आलं तर विश्वास ठेवू नका, परत करा.’

मी स्वातीला फोन लावला. तिने लगेच उचलला आणि म्हणाली, “काका, काय उगवलं?”

“तेरा!” मी म्हणालो. “फक्त तेरा. उद्या नानांना येऊ दे.”

माझा आवाज मोठा झाला असावा. वाचणारी सगळी मुलं मान वर करून माझ्याकडे बघत होती.